रॅम्पवर शेवंतीच्या कुंड्या शोभून दिसतात

विविधता आणि समावेशन म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न पडला असेल तर तो मनातच ठेवा. तुम्ही एचआरचे प्रमुख आहात. आठ मार्चपर्यंत फोटो हवेत अशी हेड ऑफिसची मेल आली आहे, तेवढं कळलं की झालं.

सुरुवात रॅम्पपासून करा. उतार एकास बारा हवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. एवढी जागा दिली तर साहेबांची गाडी कुठे लावायची? चार फुटांत उरका. व्हीलचेअर चढली नाही तरी पाण्याचे जार झकास चढतात. वरच्या टोकाला शेवंतीच्या दोन कुंड्या आणि दाराला कुलूप. किल्ली वॉचमनकाकांकडे, काका चहाला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं नाव कुणी काढलंच, तर फोटो पुढे करा. फोटोत कुलूप दिसत नाही, मी बघितलंय.

2017 साली प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली, वर 50 माणसं असतील तिथे पाळणाघर आलं, आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जायची मुभा. घाबरू नका. हजेरीपट 49 वर थांबवा, बाकीचे कंत्राटदाराच्या वहीत. तरी खोली काढावीच लागली, तर भिंतीवर ससा रंगवा आणि आत जुने प्रिंटर ठेवा. मुलाखतीत लग्न झालेल्या मुलीला मात्र ‘मग, पुढचा काय विचार?’ एवढं मायेने विचारायचं. बाकी निकाल आपोआप लागतो.

दहा माणसं झाली की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने अंतर्गत तक्रार समिती लागते आणि अध्यक्ष वरिष्ठ महिलाच हवी. अकाउंट्सच्या मॅडमचं नाव बोर्डावर टाका. त्यांना कळवायची घाई नको, मार्चएंडला आधीच ताण असतो.

कंपनी शेअर बाजारात असेल तर संचालक मंडळावर एक बाई लागतेच. साहेबांच्या घरात वहिनी आहेत की! बैठकीला आल्याच, तर पोहे चांगल्या ठिकाणाहून मागवा.

राहता राहिला महिला दिन. गुलाब पेरोलवरच्या बायका मोजूनच आणा. झाडू मारणाऱ्या मावशी पेरोलवर नाहीत, पण सकाळपासून खुर्च्या त्याच लावतायत, तेव्हा त्यांनाही सामावून घ्या. ग्रुप फोटो काढायला कुणीतरी लागतंच. मोबाइल आडवा धरायचा, एवढं त्यांना आधी शिकवून ठेवा.