कीटकनाशक मिठापेक्षा सौम्य नसतं

'शेतीतली रसायनं मिठापेक्षा सौम्य, तोंडात गेली तरच विष, खतांमुळे उत्पादन वाढलं आणि दुष्परिणाम शून्य, बाधा होते ती शेतकऱ्याच्या निष्काळजीपणामुळे.' हा मेसेज मावसभावाने मला पाठवला, वर लिहिलं, 'तू उगाच घाबरवतोस.' तो स्वतः पाठीवर पंप घेऊन फवारतो, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी मीठ. ग्लायफोसेट एका दमात पोटात गेलं तर उंदराला मिठापेक्षा कमी बाधतं, हे खरं आहे. मान्य. पण ते तणनाशक. त्याचा आकडा सगळ्या औषधांना कसा लावता? जागतिक आरोग्य संघटनेची घातकतेनुसार केलेली यादी उघडा. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाची निम्मे उंदीर मारणारी मात्रा किलोमागे १४ मिलिग्रॅम आहे. मिठाची साधारण ३,०००. दोनशे पटींहून जास्त फरक!

'तोंडात गेलं तरच विष' हे वाक्य तर माणसं मारेल. मोनोक्रोटोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं कातडीतूनही अंगात जातात. नसेने स्नायूला दिलेला इशारा संपवणारं एन्झाइम ती बंद पाडतात, त्यामुळे इशारा चालूच राहतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ-घाम थांबत नाही, छाती भरते, श्वास अडकतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी डोक्यावर वाढली होती, फवारा तोंडावर, अंगावर येत होता. वीसएक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. ती काही औषध प्यायली नव्हती. पंप गळतो, पाठीवर सदरा भिजतो आणि तोच दिवसभर अंगावर सुकतो. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकतात. हे मी भावालाच करताना पाहिलंय.

खतांमुळे उत्पादन वाढलं, हे मेसेजमधलं म्हणणं खोटं नाही. कृत्रिम नत्राशिवाय आज जगाचं पोट भरणार नाही. पण पिकाने न उचललेलं नत्र पाण्यात जातं, तिथे शेवाळ माजतं आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. २०१७ मध्ये मेक्सिकोच्या आखातात सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर पट्ट्यात माशांना पुरेल इतका प्राणवायू उरला नव्हता. 'दुष्परिणाम शून्य' कुठून आलं?

राहिला निष्काळजीपणा. अन्न व कृषी संघटना आणि आरोग्य संघटनेची कीटकनाशकांसाठीची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता स्पष्ट सांगते की जे औषध हाताळायला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात, ते टाळावं, विशेषतः उष्ण हवेतल्या लहान शेतकऱ्यांच्या बाबतीत. म्हणजे भर उन्हात रबरी कोट घालून फवारता येत नाही, हे औषध विकणाऱ्याने आधी धरून चालायचं असतं. मेलेल्या माणसावर दोष टाकायचा नसतो.

भावाला एवढंच लिहिलं: सदरा भिजला की लगेच काढ, अंग साबणाने धू. गरगरलं, डोळ्यांपुढे धूसर झालं, तर दवाखान्यात जाताना औषधाचा डबा सोबत ने.