स्टीलचा पेला, नुसरत आणि ब्रिस्टलचे शेजारी

रिमिक्स म्हटलं की आमच्या पिढीला आठवतं ते 2000 नंतरचं टीव्हीवरचं प्रकरण. जुनं गोड हिंदी गाणं, खाली ढिंच्यॅक ठोका, आणि मध्येच कुणीतरी इंग्रजीत केकाटतोय. रिमिक्सला नाक मुरडलं की आपण दर्दी, असा तेव्हा सरळ हिशेब होता. मीही मुरडायचो. पण ते मुरडलेलं नाक सरळ करणारी कॅसेट त्याच्या कितीतरी आधीच घरात येऊन पडली होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

ती कॅसेट म्हणजे नुसरत फतेह अली खाँसाहेबांची ‘मस्त मस्त’. 1990 ची, मायकेल ब्रूक या कॅनेडियन गिटारवादक-निर्मात्याबरोबर केलेली. शेवटी शेवटी शीर्षकगीत परत येतं, आणि ते परतणं म्हणजेच मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडचा रिमिक्स. आमच्या टेपरेकॉर्डरशेजारी पाण्याचा स्टीलचा पेला असायचा. त्या बेसने पेला थरथरायला लागला. काका (भजनी मंडळात पखवाज वाजवायचे) आतून ओरडले, ‘‘अरे, टाळ्या कुठं गेल्या?’’ काकांचा कान बघा. कव्वालीत टाळ्या म्हणजे भजनातले टाळकरीच. इथे त्यांच्या जागी ड्रम आणि जाडजूड बेस, आणि वर खाँसाहेब मोकळ्या मैदानात एकटे उभे.

ब्रूकनेही त्या अल्बममध्ये आवाजावर कात्री चालवली होती. काही ठिकाणी कट शब्दाच्या मध्येच बसला, ओळीचा अर्थ गेला, ते परत जुळवावं लागलं. भाषा येत नसली की हे होणारच. पण चूक कळल्यावर ओळ परत जोडून देणारा माणूस आणि ‘चालतंय की’ म्हणणारा माणूस यांत मी फरक करतो.

तर हे मॅसिव्ह अटॅक इंग्लंडमधल्या ब्रिस्टल बंदराचे. 1988 मध्ये ‘वाइल्ड बंच’ या साउंड सिस्टिममधून निघालेले. साउंड सिस्टिम म्हणजे स्वतःचे स्पीकर, स्वतःच्या रेकॉर्डी, मिळेल तिथे पार्टी. आपल्याकडच्या डीजेच्या भिंतींचे लांबचे चुलतभाऊ म्हणा, फक्त हे जमैकाच्या रेगे आणि अमेरिकन सोल संगीतावर वाढलेले. ग्रँट मार्शल ऊर्फ डॅडी जीचे आईवडील बार्बाडोसहून आलेले. ज्या बंदराने गुलामांच्या व्यापारावर पैसा केला, त्याच गावात कॅरिबियन बेस घुमायला लागला. गुलामांचा व्यापारी कोल्स्टन याच्या नावाच्या सभागृहात या मंडळींनी कधी वाजवलं नाही. 2020 मध्ये लोकांनी त्याचा पुतळा पाडून बंदरात ढकलला आणि त्याच वर्षी सभागृहाचं नावही बदललं.

त्यांची आवड ओळखायची तर मुलाखती कशाला वाचायच्या? त्यांनी शेजारीपाजारी कुणाला धरलं ते बघा. ‘कर्माकोमा’ हे गाणं घ्या. त्यात रॅपर ट्रिकी आहे, तो ब्रिस्टलचाच. त्याचा एक रिमिक्स केला पोर्टिसहेड या बँडने, तेही त्याच परिसरातले. पोर्टिसहेड हे ब्रिस्टलजवळच्या गावाचंच नाव. आणि त्यातला जेफ बॅरो? मॅसिव्ह अटॅकचा पहिला अल्बम ‘ब्लू लाइन्स’ (1991) होत असताना स्टुडिओत टेप लावणारा पोरगा. काल टेप लावत होता, चार वर्षांत त्यांच्याच गाण्याला कात्री लावायला बसला. याला म्हणतात गावात राहणं.

आणखी गंमत सांगतो. पोर्टिसहेडचं ‘ग्लोरी बॉक्स’ (1994) आणि ट्रिकीचं ‘हेल इज राउंड द कॉर्नर’ (1995) एकामागोमाग एक ऐका. दोन्हींत अमेरिकन सोल गायक आयझॅक हेजच्या ‘आइक्स रॅप 2’ या गाण्यातला तोच तुकडा. आड एक, पोहरे दोन. एकीकडे बाई विनवतेय, दुसरीकडे माणूस कानाशी पुटपुटतोय. चोरी, नक्कल वगैरे वाद हवा तर घाला. मला त्यात एकाच गल्लीतली दोन बिऱ्हाडं ऐकू येतात.

पण त्यांच्या रिमिक्सच्या आवडीचा खरा कस लागला 1995 मध्ये. ‘प्रोटेक्शन’ हा अख्खा अल्बम त्यांनी मॅड प्रोफेसरला देऊन टाकला. गयानात जन्मलेला, लंडनला ‘अरिवा’ स्टुडिओ चालवणारा डब-गुरू. त्याने बनवला ‘नो प्रोटेक्शन’. डब म्हणजे रेगेतूनच निघालेला प्रकार, त्यात मिक्सर हेच वाद्य असतं: फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ओढला की गाणारीचा आवाज गुल, एक शब्द इकोत सोडला की तो चार मात्रा भटकत राहतो, मग नुसता बेस आणि ड्रम. ज्या ओळीसाठी गाणं प्रसिद्ध आहे तीच तो निम्म्यात गिळतो. आपल्याकडचे रिमिक्सवाले गाण्यात भर घालतात. हा गाणं रिकामं करत जातो. आपलं लाडकं काम असं दुसऱ्याच्या हवाली करून गप्प बसायला छाती लागते, आणि इथेच मॅसिव्ह अटॅक मला बाकीच्यांपेक्षा मोठे वाटतात. (‘वेदर स्टॉर्म’चं नाव त्याने ‘कूल मॉन्सून’ ठेवलं, म्हणून मी ती दर जूनमध्ये लावतो. हा वेडेपणा माझा.)

पुढे कधीतरी ‘नो प्रोटेक्शन’ची सीडी काकांना ऐकवली. आवाज गेला, गिटार गेली, मागे नुसती घुमणारी पोकळी. काका म्हणाले, ‘‘मंडळी चहाला गेली वाटतं.’’ मी हसलो. पण त्यांची बोटं टेबलावर होती, आणि जिथे ड्रम गप्प झाला होता तिथल्या मात्रा ती न चुकता भरत होती.