आम्ही आलो तेव्हा इथे काही नव्हतं, आणि ते जुन्या नकाशावरून कसं सिद्ध करावं

गोरेगाव ते बोरिवली या पट्ट्यात कुठेही राहत असाल आणि पन्नाशी उलटली असेल तर एक वाक्य तोंडात आपोआप येतं. आम्ही आलो तेव्हा इथे काही नव्हतं. मग लगेच कोल्हे येतात. रात्री कोल्हे ओरडायचे, स्टेशनवरून टॉर्च घेऊन चालत यायला लागायचं, पावसात चपला हातात, रिक्षावाला इकडे यायला तयार नसायचा (तो आजही नसतो, पण असो). या वाक्याला इतकी वर्षं कुणी पुरावा मागितला नाही. आता मात्र दिवस वाईट आलेत, सोसायटीतलं कुठलंही इंजिनिअरिंगचं पोरगं फोनवर शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा काढतं आणि सगळ्यांसमोर म्हणतं की काका, इथे तर गाव दाखवलंय. म्हणून सांगतोय, त्याच्या आधी तुम्हीच जुने नकाशे वापरायला शिका. कठीण नाहीये, फक्त कुठे बघायचं नाही ते कळायला हवं.

सगळ्यात आधी साल पकडा. तुमच्या बिल्डिंगचं पझेशन मिळालं ते साल (ओसीचं, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राचं, साल धरू नका, ती बऱ्याच ठिकाणी अजून यायचीय). समजा १९७८. तर १९७८ च्या आधीचा कुठलाही नकाशा म्हणजे जंगल आणि नंतरचा कुठलाही म्हणजे "वाट लावली सगळी". उपनगर वाढायला हवं होतं ते बरोब्बर तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर टाकी चढेपर्यंत, त्यानंतर जे कोणी आले ते सगळे लोंढे. हा नियम एकदा पक्का केलात की पुढचं सगळं सोपं.

आता नकाशा कुठला घ्यायचा. इथे लोक चुकतात. उत्साहाच्या भरात सर्व्हे ऑफ इंडियाची एक इंचाला एक मैलवाली जुनी शीट शोधून काढतात आणि मग पस्तावतात. त्या शीटवर नको तेवढं दिसतं हो. पिवळा रंग म्हणजे शेती, लाल म्हणजे वस्ती, ताडाच्या झाडांची खूण वेगळी, विहिरींचे गोल, देवळं, चर्च, मिठागरं, गावातून खाडीकडे जाणाऱ्या पायवाटा. तुम्ही हिरवंगार जंगल बघायला जाता आणि पुढ्यात येते भातशेती, तीही नावागावासकट. मालाड, वळणई, चारकोप, एकसर, मागाठाणे, आकुर्ली, पोयसर. तुमच्या प्रॉपर्टी कार्डावर "मौजे पहाडी गोरेगाव" लिहिलेलं असतं ना, ते मौजे बिल्डरने शोभेला छापलेलं नाही, ते खरंच मौजे, म्हणजे गाव, होतं, तिथे माणसं राहत होती आणि सारा भरत होती.

अहो, या सगळ्या बेटाचं नावच साष्टी. षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावं. "काही नव्हतं" म्हणणाऱ्याला नावातच सहासष्ट वेळा उत्तर दिलेलं आहे, म्हणून हा शब्द घरात शक्यतो उच्चारू नका. कुणी काढलाच तर पोर्तुगीजांवर घसरा, १५३४, वसईचा तह, मग १७३७ ते ३९ ची मराठ्यांची मोहीम, मग १७७४ ला इंग्रजांनी घेतली ती साष्टी. इतिहास सुरू झाला की गावातली माणसं आपोआप मागे पडतात, हा तर शाळेपासूनचा अनुभव.

तर इंची शीट नको, लांबून काढलेला नकाशा घ्या. १९५० च्या दशकात अमेरिकन लष्कराने भारताच्या शीट्स छापल्या होत्या, २,५०,००० ला एक या प्रमाणात, टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीने त्या स्कॅन करून फुकट ठेवल्यात. यातली गंमत अशी की किनाऱ्याजवळच्या भागाच्या आपल्याच तपशीलवार शीट्स आपल्याकडे कित्येक वर्षं रिस्ट्रिक्टेड, म्हणजे स्वतःच्या अंगणाचा नकाशा हवा असेल तर आधी अर्ज करा, आणि टेक्सासवरून मात्र चहा पिता पिता डाउनलोड. (आता आपलंही सुधारलंय, २०१७ पासून सर्व्हे ऑफ इंडियाच्या ओपन सीरिजच्या शीट्स ऑनलाइन मिळतात, २०२१ ला नियमही सैल झाले. पण त्या नव्या शीट्स, त्यात तुमची बिल्डिंग आहे, म्हणजे वाट लावलेला काळ.) तर त्या अमेरिकन नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर. आख्खी सोसायटी, गार्डन, मागची चाळ आणि पार्किंगचा वाद एका रेघेच्या जाडीत गडप होतो. काही नव्हतं हे दाखवायला यापेक्षा चांगला नकाशा नाही.

एक गोष्ट मात्र त्यातही लपत नाही, ती म्हणजे रेल्वे. त्याचं उत्तर तयार ठेवा. १८६७ ला विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली आणि ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल. म्हणजे तुम्ही ७८ साली "जंगलात" राहायला आलात ते पन्नास वर्षं जुन्या इलेक्ट्रिक लोकलने, बहुतेक फर्स्ट क्लासचा पास काढून. हे कुणाच्या लक्षात आलं तर म्हणा, "हो, पण गर्दी नव्हती." यावर वाद घालायची हिंमत मुंबईत कुणात नाही.

लेण्यांकडेही जरा दुर्लक्ष करा. कान्हेरी, मंडपेश्वर, जोगेश्वरी, या जुन्या नकाशात बारीक अक्षरात लिहिलेल्या असतात, बोट ठेवलं तरी झाकतात. आणि एकसरला ते वीरगळ आहेत, शिलाहारांच्या काळातले, त्यावर चक्क जहाजांची लढाई कोरलीय. म्हणजे बोरिवलीत सात-आठशे वर्षांपूर्वी लोक आरमारी लढाईत मेले आणि कुणीतरी त्यांच्यासाठी दगड उभा केला, आणि आपण म्हणतोय की ९० फुटी रोड आला तेव्हा कुठे माणसं दिसायला लागली.

आता येऊ मुख्य कामाकडे, म्हणजे नाल्याकडे. जुना नकाशा आजच्या सॅटेलाइट फोटोवर चढवायचा असतो, त्याला जिओरेफरन्सिंग म्हणतात, क्यूजीआयएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात होतं. न हललेल्या चार-पाच जागा दोन्हीकडे पकडायच्या, जुनं चर्च, रेल्वेचा पूल, देऊळ, टेकडीवरचा सर्व्हेचा दगड, की जुना कागद नव्या फोटोवर ताणून बसतो. हे नीट केलंत तर तुमच्या बी विंगखालून निळी रेघ जाताना दिसेल. घाबरू नका. जुने नकाशे पृथ्वीच्या आकाराच्या "एव्हरेस्ट" नावाच्या जुन्या मापावर काढलेले आणि आपला जीपीएस वेगळ्या मापावर चालतो, त्यामुळे रूपांतर न करता तसाच चढवला तर सगळंच बाजूला सरकतं. तर रूपांतर करूच नका. ढकला थोडं. रेघ शेजारच्या सोसायटीखाली गेली की सेव्ह करा आणि त्यांच्या सेक्रेटरीला फॉरवर्ड करा.

आणि रेघ सरकतच नसेल तर शब्द सरकवा. ओशिवरा, पोयसर, दहिसर या तिन्ही नकाशावर नद्या आहेत. ओशिवरा आरेच्या टेकड्यांतून निघून मालाडच्या खाडीला मिळते, पोयसर आणि दहिसर नॅशनल पार्कातून येतात. नदी म्हटलं की पूररेषा आली, पुनर्विकास अडकला, भाव पडला, म्हणून तिला नाला म्हणा. नाला म्हटलं की साफ करायची जबाबदारी महापालिकेची आणि कचरा टाकायची आपली. पुढे रिडेव्हलपमेंट झालं की तोच नाला ब्रोशरमध्ये "वॉटर व्ह्यू" म्हणून परत येतो, म्हणजे नदीला शेवटी न्याय मिळतोच. सर्व्हेवाल्यांची मोजणी बहुतेक कोरड्या हंगामात व्हायची, तेव्हा नकाशात दिसतं ते पाणी उन्हाळ्यातलं, पावसातलं कुठपर्यंत पसरतं ते वेगळंच. ते बघायला २६ जुलै २००५ उजाडावा लागला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाण्याने सगळ्या जुन्या नकाशांची एकदम उजळणी घेतली. मिठी नदीला विमानतळाजवळ काटकोनात वळवलं होतं, तिच्या मुखाजवळच्या खारफुटीवर भराव टाकून बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) केलं होतं, पण पाण्याला कुठे नवा डीपी, म्हणजे विकास आराखडा, वाचता येतो. तेव्हा छातीभर पाण्यात उभं राहूनही आमच्या इथले एक काका म्हणत होते की आम्ही आलो तेव्हा इथे पाणी साचत नव्हतं. बरोबरच आहे, ते आले तेव्हा साचायची जागा शिल्लक होती ना, नंतर तिथे त्यांच्या मेव्हण्याची बिल्डिंग झाली.

डीपी हा भविष्यकाळातला जुना नकाशा असतो. १९६७ चा घ्या आणि त्यात मैदान, शाळा, रस्ता म्हणून रंगवलेले तुकडे आज जाऊन बघा. कधी रस्ता सापडतो, कधी लग्नाचा हॉल. २०१५ चा मसुदा तर इतक्या चुकांनी भरलेला निघाला की तो बाजूला ठेवून परत करायला लागला आणि नवा मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. त्यामुळे डीपीबद्दल फार बोलू नका, आपल्या सोसायटीचा मागचा गेट नेमका कशावर उघडतो हे कुणाला तरी आठवायचं.

चारकोप-गोराईवाल्यांसाठी जरा वेगळा सल्ला. तुमच्याकडे १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या पैशाने प्लॉट पाडले, त्याआधीच्या नकाशात खाडीकाठची दलदल दिसते. तुम्ही "काही नव्हतं" म्हणू शकता, फक्त भरतीची वेळ बघून म्हणा. आणि मालाडच्या लिंक रोडवरच्या काचेच्या ऑफिसांत काम करणाऱ्यांनी नकाशा अजिबात उघडू नका, तिथे आधी डम्पिंग ग्राउंड होतं, जेवण जाणार नाही.

ही पद्धत पुढच्या पिढीला शिकवायला लागत नाही हे मात्र विशेष. मागच्या महिन्यात लिफ्टमध्ये आमच्या वरच्या मजल्यावरचा नऊ वर्षांचा मुलगा नवीन भाडेकरूंच्या मुलाला सांगत होता, "आम्ही आलो तेव्हा तर मेट्रो पण नव्हती." मेट्रो सुरू होऊन झाली किती वर्षं. पण चेहरा अगदी आमच्या वडिलांचा, तीच मान, तोच सुस्कारा, कोल्हे तेवढे सांगायचे राहिले होते.

शेवटची सूचना, हे वाक्य मासळी बाजारात बोलू नका. मी बोललो एकदा. पापलेट बघता बघता उगाच आपलं, जुने रहिवासी म्हणून भाव कमी होईल या आशेने म्हटलं की मावशी, आम्ही ७८ पासूनचे, आम्ही आलो तेव्हा इथे काहीच नव्हतं. तिने कोयता खाली ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "मंग आमी काय व्हतो, चिंबोऱ्या?"

अशा वेळी फोन काढून नकाशा वगैरे दाखवायला जाऊ नका. सांगेल तो भाव द्या, पिशवी उचला आणि निघा.