परदेशातून: एक सही आणि 227 शेअर

गेल्या रविवारी आईने ठाण्याच्या तलावपाळीवरून फोटो पाठवला. फुटपाथवर घडीचं टेबल, रकाने आखलेले कागद, ते उडू नयेत म्हणून वर पाण्याची बाटली, मागे फलक: 'पोस्टाचे खासगीकरण नको'. टेबलाशी नौपाड्यात वर्षानुवर्षं टपाल वाटलेले निवृत्त काका. "मी सही केली," आई म्हणाली. ताईचं उलट: "कुरिअरवाला दारात येऊन ओटीपी मागतो. पोस्टात रांग कोण लावणार?"

मीही अशी सही केलीय. 2013 मध्ये, लंडनला. तिथल्या सरकारने टपाल कंपनी रॉयल मेल विकायला काढली होती आणि टपाल कामगारांची युनियन भर बाजारात पत्रकं वाटत होती. सही करून घरी आलो आणि शेअरसाठी अर्जही टाकला! भाव 330 पेन्स. मागणी एवढी की आमच्यासारख्या किरकोळ अर्जदारांना सरसकट 227 शेअर मिळाले. पहिल्याच दिवशी भाव 455 वर बंद झाला. आठवड्याभरात विकून टाकले. दिवाळीला ठाण्याला यायचं अर्धं तिकीट त्यात निघालं.

तेव्हा फर्स्ट क्लासचं, म्हणजे जलद पत्राचं, टपाल तिकीट 60 पेन्सला होतं, 2025 च्या एप्रिलमध्ये ते 1.70 पौंडांवर (170 पेन्स) गेलं. त्याच वर्षी कंपनी एका झेक उद्योगपतीकडे गेली, सेकंड क्लासची, म्हणजे स्वस्त पण सावकाश जाणारी, पत्रं शनिवारी वाटणं बंद करायला टपालावर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाने मुभा दिली, आणि पत्रं उशिरा पोचतात म्हणून त्याच नियामकाने कंपनीला 2.1 कोटी पौंडांचा दंडही ठोठावला. अर्थात सगळं खापर विक्रीवर फोडता येणार नाही. वर्षाला 2000 कोटी पत्रं जायची, ती 700 कोटींच्या आत आली. सरकारी राहिली असती तरी हा खड्डा पडलाच असता. पण दंड का बसला? कारण किती दिवसांत किती पत्रं पोचली पाहिजेत, हे तिथे आकड्यांत बांधलेलं आहे.

आपल्याकडे भांडण 'विकणार की नाही' यावरच अडकतं. पत्रांवरचा पोस्टाचा कायदेशीर मक्ता 1898 च्या कायद्यात होता, 2023 च्या नव्या कायद्यात तो राहिलाच नाही. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. काहीही न विकता एवढं बदललं. ताईचा कुरिअरवाला नौपाड्यात येतो, कारण नौपाडा परवडतो. मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर तो जाईल का? अडीच रुपयांचं आंतर्देशीय मात्र दोन्हीकडे त्याच दरात जातं. यातला तोटा कोण भरणार आणि पत्र कितव्या दिवशी पोचलं पाहिजे, ते फलकावर नाही. आईला विचाराल तर तिचं पोस्ट म्हणजे मासिक उत्पन्न योजनेचं पासबुक. पत्र तिने दहा वर्षांत टाकलेलं नाही.

"काकांना सांग, मागणीत दिवस लिहा," मी म्हटलं. "मुरबाडला इतक्या दिवसांत, नाहीतर दंड."

"सांगते. तसंही जायचंच आहे," आई म्हणाली. "त्यांचं पेन चालत नव्हतं, माझं दिलं, ते तिथेच राहिलंय."