नॅनो आणि लॅबचं धूड: रेघ जुळली म्हणून यंत्र जुळत नाही

गेले काही आठवडे एक मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीपासून पार कोल्हापूरपर्यंतच्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींच्या फोनवर फिरतोय. शेजारी शेजारी दोन फोटो. डावीकडे तळहातावर मावणारा नॅनोव्हीएनए, उजवीकडे कुठल्याशा कॉलेजच्या लॅबमधला टेबल अडवून बसलेला नेटवर्क ॲनालायझर. अँटेना, केबल, फिल्टर यांतून सिग्नल किती जातो आणि किती परततो, ते ही दोन्ही यंत्रं मोजतात. दोन्ही पडद्यांवर एकाच अँटेनाची रेघ, १४५ मेगाहर्ट्झला खाली उतरलेली. खाली मजकूर: "५ हजारांचं यंत्र, २० लाखांचं यंत्र, रिझल्ट सेम! ९०० मेगाहर्ट्झपर्यंत सगळं मोजतं. कॅलिब्रेशन घरी पाच मिनिटांत होतं, सर्टिफिकेट हा नुसता धंदा. टायनीएसए घ्या, हार्मोनिकही घरीच तपासा. कॉलेजांनी जुनी धुडं भंगारात घालावीत." मला हा चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी "तुझं काय म्हणणं?" असंही विचारलं.

म्हणणं सांगतो. पण माझ्याकडे ही दोन्ही छोटी यंत्रं, नॅनो आणि टायनीएसए (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते दाखवणारं), आहेत आणि मी ती रोज वापरतो, हे आधी ध्यानात असू द्या. राजहंसगडावर अँटेना उभी करायची तर पंचवीस किलोचं यंत्र आणि त्याला लागणारी मेन्सची वीज वर कोण नेणार? नॅनो शर्टाच्या खिशात जातो. त्यामुळे माझं भांडण यंत्राशी नाही, मेसेजशी आहे.

पहिला दावा, "रिझल्ट सेम". फोटो खोटा नसावा. १४५ मेगाहर्ट्झची साधी अँटेना ही नॅनोसाठी सगळ्यात सोपी परीक्षा आहे. समजा खरा एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली याचा आकडा, १ म्हणजे उत्तम) १.२२ आहे आणि नॅनोची डायरेक्टिव्हिटी (जाणारा आणि परतणारा सिग्नल वेगळा ओळखायची ताकद) ४० डेसिबल. मग तो १.२० ते १.२५ मधलं काहीही दाखवेल. १०० वॅट सोडले तर परत येणारी पॉवर दोन्ही टोकांना एक वॅटच्या आसपासच. आपल्याला त्याने काडीचा फरक पडत नाही. पण चौथीच्या गणितात दोन पोरांना पैकीच्या पैकी मिळाले म्हणून दोघं बारावीला बरोबरीचे ठरत नाहीत.

आणि दोन यंत्रं सारखं दाखवतात म्हणून ती खरं दाखवतात असंही नाही. खानापूरच्या एका मित्राने मागच्या पावसाळ्यात हौसेने मला घरी बोलावलं. गच्चीवरून खाली खोलीपर्यंत ३० मीटर आरजी-५८ केबल. नॅनो जोडला आणि म्हणाला, "बघ की, एक पॉइंट सात दाखवालंय. अँटेना बरी हाय की." बरी म्हणायला अँटेना जाग्यावर तर हवी! वर गेलो तर वाऱ्याने ती सॉकेटसकट खाली लोंबत होती, केबलचं टोक उघडं. झालं काय, तर १४५ मेगाहर्ट्झला या केबलमध्ये ३० मीटरला साधारण ६ डेसिबल जातात. सिग्नल वर जाताना ६ गेले, उघड्या टोकावरून पुरता परतला, खाली येताना आणखी ६ गेले. खाली १२ डेसिबल रिटर्न लॉस (परतलेला सिग्नल किती खाली आहे तो आकडा), म्हणजे एसडब्ल्यूआर १.६७. तिथे २० लाखांचं यंत्र लावलं असतं तर त्यानेही हेच दाखवलं असतं, आणि मेसेजवाल्याने फोटो काढून "सेम" लिहिलं असतं. केबल जितकी रद्दी, तितका एसडब्ल्यूआर गोड. अँटेना मोजायची तर वर जाऊन तिच्या तोंडाशी मोजावी, आणि इथे खिशातला नॅनो लॅबच्या यंत्राला सरळ हरवतो. मेसेजवाल्याला हा मुद्दा सुचलाच नाही.

आता "९०० मेगाहर्ट्झपर्यंत सगळं". मूळ नॅनोव्हीएनए पूर्ण पट्ट्यात १०१ ठिपके घेतो. ९०० मेगाहर्ट्झ भागिले शंभर, म्हणजे दोन ठिपक्यांत ९ मेगाहर्ट्झ. आपला दोन मीटरचा (हे नाव तरंगलांबीवरून) अख्खा बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. त्यात फार तर एक ठिपका पडतो आणि बाकी ठिकाणी यंत्र सरळ रेघ ओढून मोकळं होतं. पट्टा आवळून घेतला तर हा प्रश्न सुटतो, हे मान्य. पण पट्टा आवळून न सुटणारी गोष्ट वेगळी आहे. आतला क्लॉक जनरेटर चौकोनी लहरी देतो आणि ३०० मेगाहर्ट्झच्या वर नॅनो त्या लहरीच्या तिसऱ्या हार्मोनिकवर, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिपटीवर, काम चालवतो. चौकोनी लहरीचा तिसरा हार्मोनिक मूळ लहरीच्या एक तृतीयांश, म्हणजे साडेनऊ डेसिबल खाली. म्हणून ३०० ओलांडलं की रेघ थरथरायला लागते.

३०० च्या खालीसुद्धा त्याची नजर साधारण ७० डेसिबल खोल जाते, त्यापुढे नुसती खरखर. रिपीटरचा (ऐकलेलं पुन्हा पाठवणाऱ्या स्टेशनचा) ड्युप्लेक्सर, म्हणजे एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर, ट्यून करायला बसा म्हणजे कळेल. दोन मीटरवर पाठवायची आणि ऐकायची फ्रिक्वेन्सी यांत फक्त ६०० किलोहर्ट्झचं अंतर, आणि आपलाच ट्रान्समीटर आपल्या रिसीव्हरच्या कानात ओरडू नये म्हणून फिल्टरची खाच ८० डेसिबलच्या पुढे लागते. नॅनोवर ती ७० ला टेकलेली दिसते. स्क्रू फिरवा, आणखी फिरवा, रेघ हलत नाही. खाच सुधारतेय की बिघडतेय हे कळायला मार्गच नाही. जुन्या, पोत्यात गुंडाळून ठेवलेल्या एचपी ८७५३ या लॅबच्या ॲनालायझरला हे दिसतं, कारण त्याची खोली १०० डेसिबलच्या घरात आहे.

कॅलिब्रेशनचा दावा मात्र नीट उलगडायला हवा, कारण सगळा घोळ त्या एका शब्दात आहे.

उद्यमबागेत आमच्या ओळखीच्यांचं मशीन शॉप आहे. तिथला पोरगा रोज सकाळी मायक्रोमीटर पुसतो, जबडे मिटवून शून्य बघतो आणि कामाला लागतो. ठराविक मुदतीने तोच मायक्रोमीटर आणि स्लिप गेजचा (अचूक जाडीच्या ठोकळ्यांचा) डबा बाहेर कॅलिब्रेशनला जातो. रोजच्या शून्यालाही कॅलिब्रेशन म्हणतात आणि त्यालाही. पण शॉपमधल्या कुणाला विचारा, "सकाळी शून्य बघितलं की, मग डबा कशाला पाठवता?" तो तुमच्याकडे नवीन माणूस आलाय असं बघेल.

नॅनोला आपण ओपन, शॉर्ट आणि लोड (उघडं टोक, जोडलेलं टोक आणि ५० ओहमचा रोध) लावतो ते सकाळचं शून्य. त्या वेळी यंत्र आपल्या लोडवर डोळे मिटून विश्वास ठेवतं. तुमचा लोड ५० ऐवजी ५२ ओहमचा असला तर नॅनो ५२ लाच उत्तम म्हणेल, आणि खऱ्या ५० ओहमच्या वस्तूचा रिटर्न लॉस ३४ डेसिबल दाखवेल. नॅनोच्या डब्यातल्या पिवळ्या लोडला मल्टीमीटर लावून खात्री करून घेता येते, पण ती डीसीची. वर शेकड्यांनी मेगाहर्ट्झवर तो कसा वागतो हे मल्टीमीटर सांगत नाही. लॅबच्या किटमधल्या लोडचा, ओपनचा, शॉर्टचा वागणुकीचा हिशेब सोबत येतो. मोजमाप एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेतून, साखळीने दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जोडलेलं असतं. सर्टिफिकेटवर आकड्याशेजारी अजून एक आकडा छापतात: यात इतकं इकडेतिकडे असू शकतं. पैसे त्या दुसऱ्या आकड्याचे आहेत. गच्चीवरच्या अँटेनाला तो कुणी विचारत नाही, म्हणून आपल्याला सर्टिफिकेट नको. फिल्टर बनवून गिऱ्हाइकाला विकणाऱ्याला मात्र पहिल्याच बैठकीत विचारतात. यात धंदा आहेच, पण तो फसवणुकीचा नाही.

(एसएमए, म्हणजे नॅनोवरचे छोटे आट्यांचे कनेक्टर, आवळायला लॅबमध्ये टॉर्क पाना असतो. आमच्याकडे दोन बोटं आणि अंदाज. एकाच लोडचे तीन वेळा तीन आकडे का येतात, त्याचं निम्मं उत्तर तिथेच.)

"टायनीएसए घ्या, हार्मोनिक तपासा." माझं पहिलं टायनीएसए याच उत्साहात गेलं. ५ वॅटची हँडी (हातातला रेडिओ), मधे ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) नाही, बटण दाबलं. धूर नाही, वास नाही, बिचारं नुसतं मुकं झालं. त्याची सहनशक्ती १० मिलिवॅट, मी पाचशे पट ओतले होते. चूक सर्वस्वी माझी. आता ४० डेसिबलचा, पॉवर झेपणारा ॲटेन्युएटर आधी लावतो, तरीही उरलेला अर्धा मिलिवॅट त्याच्या मिक्सरला (आतल्या फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या भागाला) जास्तच होतो आणि ते स्वतःच हार्मोनिक तयार करतं. ओळखायची युक्ती जुनीच आहे: बाहेरून आणखी १० डेसिबल ॲटेन्युएशन वाढवा. हार्मोनिक मोजून १० ने उतरला तर रेडिओचा, त्याहून जास्त (दुसरा २० ने, तिसरा ३० ने) कोसळला तर यंत्राचा. शिवाय १४५ चा दुसरा हार्मोनिक २९० ला येतो, तो साध्या टायनीएसएच्या ३५० पर्यंतच्या खालच्या इनपुटवर नीट दिसतो. तिसरा ४३५ ला, त्यासाठी वरचं इनपुट लागतं, आणि त्या इनपुटला इमेज (भलत्या फ्रिक्वेन्सीवरून आलेली खोटी प्रतिमा) अडवणारा फिल्टर नाही. तिथे नसलेल्या सिग्नलची भुतंही दिसतात. रेडिओ बरा की वाईट हे कळायला एवढं पुरतं. पण "तपासून पास केला" म्हणून कुणाला लिहून देऊ नका.

राहिला भंगाराचा सल्ला. कॉलेजांनी पोरांच्या हातात दहा नॅनो जरूर द्यावेत, एका महागड्या यंत्राभोवती चाळीस जणांनी माना उंच करून बघण्यापेक्षा ते शंभरपट बरं. मोठं यंत्र त्याच खोलीत शेजारी असू द्यावं, ड्युप्लेक्सर घेऊन आमच्यासारखा कुणी आला तर त्याला उपयोगी पडेल. आणि बेळगाव परिसरातल्या एखाद्या कॉलेजला ते खरंच भंगारात काढायचं असेल, तर आधी मला कळवा. टेम्पोचं भाडं माझ्याकडे.