गोळी देणं हे काम आहे, ते प्लॅनमध्ये धरा

एनडीआयएसच्या (ऑस्ट्रेलियातल्या अपंगांसाठीच्या सरकारी मदत योजनेच्या) प्लॅनमध्ये ‘औषधांसाठी मदत’ एवढं एक वाक्य टाकून मोकळं होणाऱ्यांचा आता खरंच संताप येतो. म्हणे पाच मिनिटांचं काम, घरचे करतील! असं म्हणणाऱ्याने एपिलेप्सीच्या पेशंटची आठवडाभराची औषधं एकदा स्वतः सांभाळून दाखवावीत.

गोळ्यांचे पैसे एनडीआयएस देत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती पीबीएसची, म्हणजे औषधं स्वस्तात देणाऱ्या सरकारी योजनेची बाब. १ जानेवारी २०२६ पासून पीबीएसच्या एका प्रिस्क्रिप्शनला जास्तीत जास्त २५ डॉलर, कन्सेशन कार्ड असेल तर ७.७०. त्याबद्दल भांडण नाही. भांडण आहे ते गोळी डबीतून निघून पोटात जाईपर्यंतच्या कामाचं. त्याचे तास एनडीआयएसने द्यायचे असतात, आणि तिथेच हात आखडतो.

वेबस्टर पॅक घ्या म्हणतात. सात दिवस, दिवसाला चार कप्पे, फार्मसीवाले भरून देतात. पण सोडियम व्हॅल्प्रोएट त्यात जात नाही! ती गोळी हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून घ्यायच्या वेळेपर्यंत मूळ फॉइलमध्येच ठेवावी लागते. म्हणजे फिट्सचं मुख्य औषधच पॅकबाहेर. सिरप, इन्हेलर, इन्सुलिन, गरज पडली तरच द्यायची औषधं, सगळी बाहेर. आणि घरी मदतनीस पुरवणाऱ्या कित्येक एजन्सींचा नियम असा की त्यांचा वर्कर फक्त पॅकमधली गोळी देणार, सुट्या गोळीला हात लावणार नाही. मग ती द्यायची कोणी?

मधेच डोस बदलला तर विचारूच नका. बुधवारी न्यूरॉलॉजिस्टने एक गोळी बंद केली, तरी वर्करने कप्पा फोडून ती काढायची नसते. बरोबरच आहे ते. चार पांढऱ्या गोळ्यांतली भलतीच निघाली तर जिवावर बेतेल. पण मग अख्खा पॅक फार्मसीत परत न्या, नव्याने भरून आणा, औषधांचा चार्ट डॉक्टरकडून बदलून घ्या, त्याची प्रत एजन्सीला पाठवा. चार्ट आणि पॅकवरचं लेबल जुळलं नाही तर वर्कर हात वर करतो. ही धावपळ बहुतेक घरांत आईच करते, आणि तिच्या या तासांचा प्लॅनमध्ये उल्लेखसुद्धा नसतो.

वर शिफ्टचं गणित. कॅज्युअल वर्करला बोलावलं की किमान दोन तासांचा पगार द्यावा लागतो. त्याचा तो हक्कच आहे. पण म्हणूनच नुसती सकाळी सातची आणि रात्री नऊची गोळी द्यायला एजन्सी दोन तासांखाली माणूस पाठवत नाही, आणि प्लॅनमध्ये धरलेला असतो दिवसाला अर्धा तास. हा हिशोब प्लॅन लिहिणाऱ्याला दिसत नाही का?

गिळायला त्रास असेल तर काम आणखी वाढतं. स्लो रिलीज गोळी कुटून दिली तर सावकाश मिळायचा डोस एकदम अंगात जातो, म्हणून फार्मासिस्टला विचारल्याशिवाय काहीही कुटायचं नाही. पेग ट्यूब, म्हणजे थेट पोटात बसवलेली नळी असेल तर प्रत्येक औषध वेगळं द्यायचं आणि आधी, मधे, शेवटी पाणी सोडायचं, नाहीतर नळी चोंदते. औषधं सहा असतील तर होईल हे पाच मिनिटांत?

रिस्पेरिडोनसारखी गोळी निव्वळ वागणूक आवरायला दिली असेल तर ती रिस्ट्रिक्टिव्ह प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे माणसावर बंधन घालणाऱ्या उपायांत मोडते. मग बिहेवियर सपोर्ट प्लॅन लागतो, एजन्सीला एनडीआयएसच्या सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या कमिशनकडे रिपोर्टिंग करावं लागतं. गोळी नेमकी कशासाठी आहे हे डॉक्टरकडून आधीच लेखी घेऊन ठेवा.

आणि ओटीच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या रिपोर्टमध्ये ‘औषधांसाठी मदत लागते’ एवढंच असेल तर तो तसाच पुढे जाऊ देऊ नका, दुरुस्त करून मागा. कुठलं औषध, किती वाजता, नुसती आठवण करायची की हातात द्यायचं की भरवायचं, गिळलंय का ते बघायला किती वेळ थांबायचं, डोस चुकला तर काय होतं, सगळं मिनिटांसकट लिहून घ्या. फिट आल्यावर द्यायच्या मिडाझोलॅमचं ट्रेनिंग वेगळ्या ओळीत मागा, तेही एका वर्करपुरतं नाही. नेहमीचा वर्कर आजारी पडला आणि बदलीवाल्याला ते ट्रेनिंगच नसलं, तर त्या शिफ्टचा उपयोग काय?