ब्लॅक बुक विकत मिळतं, मिरचीचं काय?

आठवडाभर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘एमबीएला दोन वर्षं कशाला घालवता? धीरूभाईंकडे कुठली डिग्री होती? डबेवाले कुठे शिकले? डिग्री सहा महिन्यांत घरपोच, प्रोजेक्ट तयार मिळतो.’

धीरूभाईंकडे डिग्री नव्हती, कबूल. पण १९५८ मध्ये मुंबईत धंदा मांडण्याआधी त्यांनी येमेनमधल्या एडनला ए. बेसे या व्यापारी कंपनीत कित्येक वर्षं नोकरी केली होती. त्याला शॉर्टकट म्हणायचं? पुढे पोरांना त्यांनीच स्टॅनफर्ड आणि व्हार्टनला धाडलं. (मुकेश यांनी एमबीए अर्ध्यावर सोडला. घ्या, हा मुद्दा तुमच्याकडे.)

डबेवाल्यांना यात ओढणं तर फारच झालं. १८९० पासूनचं काम आहे ते. डब्यावरच्या खुणा वाचणं आणि गर्दीच्या लोकलमध्ये पाटी सांभाळणं एका दिवसात येत नाही.

घरपोच डिग्री? १९५६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम २२ नुसार डिग्री देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तशी मुभा दिलेल्या संस्थांनाच आहे. मान्यताप्राप्त ऑनलाइन एमबीए वेगळा. त्यातही चार सेमिस्टर आणि परीक्षा सुटत नाहीत.

प्रोजेक्टचं मात्र खरं आहे. ब्लॅक बुक, म्हणजे काळ्या बांधणीतला प्रोजेक्टचा अहवाल, नाव बदलून तयार मिळतं. मीही एकदा बाहेरचा परीक्षक म्हणून वायवा, म्हणजे प्रोजेक्टवरची तोंडी परीक्षा, घ्यायला बसलो होतो. एका विद्यार्थ्याचा विषय होता लालबागच्या मसाला दुकानांचं खेळतं भांडवल, म्हणजे रोजच्या धंद्यात फिरणारा पैसा. विषय झकास. उन्हाळ्यात अर्धी मुंबई वर्षाचा मसाला करून न्यायला तिथे येते. दुकानदाराला त्याआधीच मिरची भरावी लागते. गल्ला रिकामा, गोदाम भरलेलं, वर व्यापाऱ्याचा तगादा. वहीत नफा दिसतो आणि हातात दमडी नसते. हे कोडं समजलं की अर्धा फायनान्स समजला. आणि ते समजायला चार दुपारी त्या ठसक्यात, शिंका देत उभं राहावं लागतं. एआय खेळत्या भांडवलाचं गुणोत्तर सेकंदात काढून देईल. पण आकडा कुठून आला हे विचारल्यावर तोंड तुम्हालाच उघडायचंय.

मी त्याला एवढंच विचारलं, “मिरची कधी भरतात?”

“सर, बाराही महिने.”

मी पान उलटलं. तक्त्यात जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत साठ्याचा आकडा एकच होता.